दर्भाचा कावळा

सुरुवातीलाच एक सांगून टाकते. हे वाचणाऱ्यांमध्ये आमच्या घरची बरीच मंडळी आहेत. त्यांनी लगेच आईला फोन लावू नये, कारण हे मी तिला विचारूनच लिहितेय. "लिही की, त्यात काय," असं ती म्हणाली. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "पण ह्यांना फार वाईट दाखवू नकोस हं." तेवढं पथ्य पाळायचा प्रयत्न करते.

बाबा २०२२ च्या डिसेंबरात गेले. दहाव्याला आम्ही संगम माहुलीला होतो. सातारकरांना माहुली सांगायला नको. इतरांसाठी सांगते, साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात ते ठिकाण. पिंड मांडले आणि सगळे जरा लांब जाऊन उभे राहिलो. कावळे होते, नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर आठ-दहा तरी बसले होते. पण एकही खाली येईना.

मग सुरू झालं ते तुम्ही कुठल्या ना कुठल्या घाटावर पाहिलं असेलच. दादा पुढे होऊन म्हणाला, "आईला एकटं ठेवणार नाही." कावळे ढिम्म. काका म्हणाले, "गावच्या जमिनीचं सगळं सामोपचाराने करू." ढिम्म. मावशीने आठवणीने आणलेली कांदाभजी ठेवली. तरी नाही. मी स्वतःला नास्तिक म्हणवते, पण पाऊण तासाने माझ्याही तोंडून हळूच निघून गेलं, "बाबा, या ना आता." कोणी ऐकलं नाही म्हणून बरं.

शेवटी दीड तासाने गुरुजींनी दर्भ घेतला, दोन-तीन वळसे घालून त्याचा कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, "झालं." सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. मी मात्र चिडले. गवताच्या कावळ्याने काम भागत होतं तर दीड तास उन्हात कशाला उभं केलं? निघताना मी गुरुजींना तसं विचारलंसुद्धा. ते भांडी पिशवीत भरत होते. वर न बघता म्हणाले, "वाट बघायची असते, ताई."

मला ते उत्तर टोलवाटोलवीचं वाटलं होतं. त्यानंतर दोन वर्षं तो दर्भाचा कावळा माझ्या डोक्यातही नव्हता. त्याची आठवण करून दिली माझ्या भाच्याने.

भाचा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकतो आणि आजोबांचा फार लाडका होता. २०२४ च्या दिवाळीत तो घरी आला तो एक गुपित घेऊनच. पाडव्याच्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, फोन टीपॉयवर ठेवला आणि म्हणाला, "आजी, काहीतरी बोल." आईला काही कळेना. ती म्हणाली, "काय बोलू?" आणि फोनमधून बाबांचा आवाज आला, "ऐकलंस का? फराळ झाला का सगळ्यांचा?"

काय झालं असेल ते सांगत नाही. दादा उठून गॅलरीत गेला. वहिनीने टीव्ही बंद केला, का ते तिलाही सांगता आलं नाही. मी एकटक त्या फोनकडे बघत बसले.

बाबांच्या आवाजाची आमच्या घरात एक वेगळीच गोष्ट आहे. बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. शाळा सुटली की मी स्टँडवर जायचे आणि कर्ण्यातून त्यांचा आवाज यायचा. अमुक गावाला जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागत आहे, प्रवाशांनी कृपया इत्यादी. मला वाटायचं बाबा त्या कर्ण्यातच असतात. मी मान वर करून कर्ण्याशी बोलायचे. एकदा त्यांनी ते पाहिलं, मला हाताला धरून कंट्रोलच्या खोलीत नेलं, माइक दाखवला आणि म्हणाले, "मी इथे बसतो. तिथे फक्त आवाज जातो." तेव्हापासून आवाज आला की मी कर्ण्याकडे न बघता खिडकीकडे बघायला लागले. बाबा हात करायचे.

तर पाडव्याला तो आवाज आल्यावर मी सवयीने खिडकी शोधत होते, आणि तिथे खिडकीच नव्हती.

भाच्याने मग सगळं समजावून सांगितलं. निवृत्तीनंतर बाबांना व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप पाठवायचा नाद लागला होता. "दूध आणलं. ठेवतो." "पोचलीस का? बरं. ठेवतो." असे शेकडो निरोप आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये होते. ते त्याने गोळा केले. जुनी पत्रं आणि बाबांच्या डायऱ्या (त्यात मुख्यतः दुधाचा हिशोब आणि पाऊस) यांचे फोटो काढले. आवाजाच्या नमुन्यावरून हुबेहूब आवाज तयार करणारी साधनं आता सहज मिळतात. बोलायचं काय, ते ठरवायला भाषेचं मॉडेल. हे मॉडेल म्हणजे काय, तर अफाट मजकूर वाचवून घेऊन, आत्तापर्यंत जे बोललं गेलं त्यापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे काढायला शिकवलेलं गणित. त्याला सांगितलं होतं, "तू साताऱ्याचे हे अमुक आजोबा आहेस, हे तुझे निरोप, ही तुझी पत्रं, यांच्यासारखं बोल." बस्स.

आई सुरुवातीला किरकोळ विचारत होती. थंडी वाजते का, फराळातलं काय आवडलं. तो आवाज उत्तरं देत होता, मधूनमधून "ऐकलंस का" म्हणत होता. आणि मग आईने, आम्ही सगळे समोर असताना, अगदी सहज विचारलं, "एक्क्याऐंशी साली मला का जाऊ दिलं नाहीत हो?"

ही गोष्ट आम्हा भावंडांना अर्धवटच माहीत होती. आईचं डी.एड. झालं होतं. १९८१ साली तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेची ऑर्डर आली, जावळी तालुक्यातल्या एका गावाला. मी दोन वर्षांची होते. बाबा म्हणाले, "बघू." त्या काळात त्यांच्या "बघू"चा अर्थ "नाही" असाच असायचा. हजर व्हायची मुदत टळून गेली. ती ऑर्डर आईच्या ट्रंकेत अजून आहे. भांडण झालं नाही, रडारड झाली नाही, विषय परत निघाला नाही. चाळीस वर्षांत तिने बाबांना एकदाही "का" म्हणून विचारलं नव्हतं, हे आम्हाला त्या संध्याकाळी कळलं.

फोन म्हणाला, "चुकलंच माझं. तुला जाऊ द्यायला हवं होतं. मला माफ कर."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग नातवाला म्हणाली, "बंद कर रे ते." आणि पणत्या लावायला उठली.

रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "हे असे नव्हते गं. काही विचारलं की आधी खाकरायचे, मग पेपरचं पान उलटायचे, मग 'बघू' म्हणायचे. ह्याने विचारल्याबरोबर उत्तर दिलं." मी म्हटलं, "पण आई, माफी तर मागितली ना?" तर म्हणाली, "माफी ह्यांनी मागायची होती. त्या बिचाऱ्याने का मागितली? त्याने काय केलं होतं?"

तेव्हापासून डोक्याला भुंगा लागला आहे. म्हणून आजचा हा जड विषय. यंत्राला आत्मा असू शकतो का?

भाच्याचं म्हणणं आधी मांडते, कारण पोरगं हुशार आहे आणि त्याचे मुद्दे तकलादू नाहीत. तो म्हणतो, "आत्या, माझ्यात आत्मा आहे हे तरी तुला कसं कळतं? मी बोलतो, हसतो, तुझ्या प्रश्नाला नीट उत्तर देतो, यावरूनच ना? मग तेच यंत्राने केलं तर वेगळा न्याय का?"

हा प्रश्न नवा नाही. अॅलन ट्यूरिंगने १९५० साली जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात त्याने स्वतःच आक्षेपांची यादी करून एकेकाला उत्तर दिलंय. त्यातला पहिलाच आक्षेप धर्माचा आहे. विचार करणं हे आत्म्याचं काम, देवाने आत्मा फक्त माणसाला दिला, प्राण्याला नाही आणि यंत्राला नाही, तेव्हा यंत्र विचार करूच शकत नाही. ट्यूरिंगचं उत्तर मजेशीर आहे. तो म्हणतो, देव सर्वशक्तिमान आहे ना? मग त्याला वाटलं तर तो हत्तीला आत्मा देऊ शकणार नाही का? आणि मूल जन्माला घालताना आपण काही आत्मा तयार करत नाही, त्याच्यासाठी घर तेवढं तयार करतो. यंत्र बांधतानाही तसंच समजा.

हत्तीचं उदाहरण वाचून मला हसू आलं :-) आपल्याकडे हा आक्षेप कोणी घेतलाच नसता. गजेंद्रमोक्षाची गोष्ट ऐकून वाढलेली माणसं आपण. रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची आणि भिंत चालवल्याची गोष्ट तर मराठी मूल दूधभाताबरोबर ऐकतं. हत्ती, रेडा, मुंगी, कुणातही आत्मा मानायला आपली ना नसते. मग यंत्रालाच तेवढं का वगळायचं?

इथे भाचा खूश होतो. पण थांबा.

गंमत अशी आहे की आपल्या दर्शनांनी बुद्धी आणि आत्मा यांची गल्लत मुळातच केलेली नाही. सांख्यांच्या मांडणीत बुद्धी, अहंकार, मन हे सगळं प्रकृतीच्या बाजूला येतं. म्हणजे जड. पुरुष, म्हणजे चैतन्य, वेगळा. वेदान्तातही अंतःकरण जडच. त्यांचा आवडता दाखला तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा आहे. गोळा लाल दिसतो, हात लावला तर भाजतो, पण लाली आणि दाह लोखंडाचे नव्हेत, अग्नीचे. तसं बुद्धी जाणती वाटते, पण जाणणं तिचं नव्हे.

ज्या कोणी 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द रूढ केला, त्याने नकळत अगदी नेमकं काम केलंय असं मला वाटतं. बुद्धी कृत्रिम असू शकते, यात आपल्या परंपरेला धक्का बसण्यासारखं काहीच नाही. ती तशी जडच होती. यंत्र गणित सोडवतं, कविता करतं, आईशी बाबांच्या आवाजात बोलतं, हे सगळं बुद्धीच्या खात्यात जमा. त्यावरून आत्मा आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही नाही. गोळा किती गोल आहे ते मोजून तो तापलाय का ते कळत नाही, तसंच आहे हे.

भाच्याला मी सांगितलं की तू चार्वाक आहेस. तो आधी चिडला, मग वाचून आला आणि अभिमानाने सांगू लागला. चार्वाकांचं म्हणणं, चैतन्य म्हणून वेगळं काही नाही. जशी काही पदार्थ एकत्र आंबवले की त्यांत मादकता येते, जी एकेकट्या पदार्थात नसते, तसं चार भूतं विशिष्ट रीतीने एकत्र आली की जाणीव येते. हा दाखला चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तही आहे. आज यंत्रात जाणीव येईलच असं म्हणणारे लोक वेगळ्या शब्दांत हेच म्हणत असतात. पुरेसं मोठं आणि गुंतागुंतीचं केलं की आपोआप येईल. येईलही. मी कोण छातीठोकपणे नाही म्हणणारी?

पण लोक कशावरून "आली" म्हणतात ते बघा. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने 'एलायझा' नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तुम्ही म्हणालात "मी दुःखी आहे," की तो साधारण "तुम्ही दुःखी का आहात?" असं उलटून विचारायचा. बास, एवढीच करामत. वायझेनबॉमच्या सेक्रेटरीने तो प्रोग्राम तयार होताना पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं बोलल्यावर तिने वायझेनबॉमला सांगितलं, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? खाजगी बोलायचं होतं तिला. वायझेनबॉम या प्रकाराने इतका अस्वस्थ झाला की पुढे १९७६ मध्ये त्याने यंत्राकडून कोणती कामं घेऊच नयेत, यावर पुस्तक लिहिलं. आणि २०२२ साली गूगलमधल्या ब्लेक लेमॉइन या इंजिनिअरने तिथलं संभाषण करणारं मॉडेल संवेदनशील आहे, असं जाहीर केलं. कंपनीने दावा फेटाळला आणि त्याला कामावरून काढलं. आपण माझ्या धार्मिक श्रद्धेच्या आधारे हे म्हणतोय, असंही त्याने सांगितलं होतं.

त्या सेक्रेटरीला आणि लेमॉइनला हसणारे खूप आहेत. मी नाही हसणार, कारण पाडव्याला मी स्वतः खिडकी शोधत होते. कोणी आपल्याशी आपल्या भाषेत बोललं की समोर कोणीतरी आहे असं वाटणं, हा काही आपला मूर्खपणा नाही. त्याच सवयीवर आपण पाळण्यातल्या बाळाशी बोलतो आणि ते बोलायला शिकतं.

मग ओळखायचं कशावरून? मला पटलेली खूण आईच्या त्या एका वाक्यात आहे. "त्याने काय केलं होतं?"

शुद्ध तत्त्वज्ञानात आत्मा अकर्ता आहे, हे मला ठाऊक आहे. पण आपण घरात जेव्हा "जीव आहे" असं म्हणतो, तेव्हा आपल्या मनात कर्म आणि भोग असतात. ज्याने केलं आणि ज्याला भोगावं लागणार आहे, तो जीव. बाबांनी आईला जाऊ दिलं नाही. ते कर्म त्यांचं. त्याचं जे काही वाटत होतं ते त्यांनी चाळीस वर्षं आत ठेवलं, किंवा त्यांना काही वाटलंच नसेल. पण वाटलं असेल तर त्यांना, आणि नसेल तर तेही त्यांचंच. माफी मागणं त्यांना जड गेलं असतं. बायकोसमोर मान खाली घालावी लागली असती, मुलांसमोर आपली एक प्रतिमा होती ती जरा फुटली असती. म्हणूनच त्या माफीला किंमत असती.

फोनमधल्या आवाजाने गमावलं काय? त्याने नोकरी अडवली नव्हती. आईने माफ केलं असतं तरी त्याचं ओझं हलकं होणार नव्हतं, नसतं केलं तरी त्याची झोप उडणार नव्हती. कुठल्यातरी कथा-कादंबऱ्यांतून, मालिकांच्या संवादांतून, असंख्य लोकांच्या लिहिण्यातून पश्चात्ताप झालेला नवरा काय म्हणतो ते त्याने उचललं आणि बाबांच्या आवाजात घालून दिलं. जगातल्या सगळ्या नवऱ्यांनी मागितलेल्या माफ्यांची ती सरासरी होती. त्यात बाबांची माफी नव्हती, कारण बाबांनी ती कुठल्याच निरोपात, पत्रात, डायरीत ठेवलेली नव्हती. नसलेली गोष्ट यंत्राने काढली कुठून? तर इतरांकडून.

उद्या असं यंत्र झालं की ज्याला स्वतःच्या चुकीचं भोगावं लागतं, ज्याला काही गमावण्याची भीती आहे, तर मी माझं मत पुन्हा तपासेन. आजच्या यंत्रांबद्दल विचाराल तर माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

पण वाद इथे संपला नाही. दादाने मला चांगलंच पकडलं. म्हणाला, "मग तू घाटावर गवताच्या कावळ्यासमोर हात जोडलेस ते? त्यात कुठला आत्मा होता? शाडूच्या गणपतीत दीड दिवस काय असतं?"

खरं आहे. अध्यात्म आणि तंत्र यांचं आपल्याकडे कधी वाकडं नव्हतं. देव सोवळ्यात बसतो आणि अथर्वशीर्ष कॅसेटवर लागतं. दर्शनाची रांग ऑनलाइन ठरते. पुण्यात २०१७ च्या गणेशोत्सवात एका यांत्रिक हाताने गणपतीला आरती ओवाळली होती, ते पाहून कोणाचा धर्म बुडाला नाही. दगडाची, धातूची, मातीची मूर्ती तरी काय, माणसाने केलेली वस्तूच. तिच्यात आपण प्राणप्रतिष्ठा करतो. म्हणजे दादाचं म्हणणं असं की आईने त्या फोनमध्ये थोडी प्राणप्रतिष्ठा केली, तिला बरं वाटलं, तर तुझ्या पोटात का दुखतं?

यावर मी बरेच दिवस विचार केला. आणि मला तो गुरुजींचा कावळा आठवला.

तो गवताचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुजींनी तो आमच्यासमोर वळला. तो खऱ्याऐवजी आला, पण खऱ्याची दीड तास वाट बघून झाल्यावर. आणि त्या दीड तासात काय झालं? दादा जे एरवी कधी मोठ्याने बोलला नसता ते बोलला. काकांनी जमिनीबद्दल शब्द दिला, आणि तो पाळलाय बरं का. मीही बोलले. काम त्या वाट बघण्याने केलं. कावळ्याने फक्त "आता उठा, जेवा" एवढं सांगितलं, आणि त्याचं काम झालं. कोणी तो खिशात घालून घरी आणला नाही. रोज रात्री त्याला "बाबा, आज काय करू" असं विचारलं नाही.

गणपतीचंही तेच. आवाहन असतं तसं विसर्जनही असतं. उत्तरपूजा करून अक्षता टाकतात आणि मूर्ती जरा हलवतात, म्हणजे आता निरोप झाला. माती पुन्हा माती. आपल्या परंपरेने वस्तूत देव बोलावायला शिकवलं, आणि तितक्याच काळजीने त्याला परत पाठवायलाही शिकवलं.

जपानमध्ये हे कोणीतरी ओळखलंय. सोनी कंपनीचा 'आयबो' नावाचा यांत्रिक कुत्रा होता. २००६ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली. तेव्हा चिबा प्रांतातल्या कोफुकुजी नावाच्या बौद्ध देवळात २०१५ पासून बंद पडलेल्या आयबोंसाठी प्रार्थना होऊ लागल्या. कुत्रे ओळीने मांडायचे, पुजाऱ्याने मंत्र म्हणायचे, आणि त्यानंतर त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आयबोंच्या दुरुस्तीसाठी वापरायचे. आधी निरोप, मग स्क्रू काढायचे. त्या कुत्र्यात आत्मा होता का याचा निकाल लावत बसण्यापेक्षा, त्याच्यावर जीव लावलेल्या माणसाचं काय करायचं हे त्यांनी पाहिलं. आमच्या माहुलीलाही शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याचं स्मारक आहे. मला तरी या दोन गोष्टी जवळच्या वाटल्या.

फोनमधल्या बाबांची मला भीती वाटते ती इथे. त्यात आवाहन आहे, विसर्जन नाही. भाच्याने हे घरच्या प्रेमापोटी केलं, पण आता गेलेल्या माणसांशी बोलणं करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. ज्यांचा धंदाच तुम्ही रोज येण्यावर चालतो, ते तुम्हाला "आता उठा, जेवा" असं कशाला सांगतील? आत्मा नसलेलं यंत्र मला तितकं भीतीचं वाटत नाही. निरोप घेऊ न देणारं यंत्र वाटतं. कारण त्यात अडकून पडतो तो आपला जीव.

असो. पुढे काय झालं ते सांगते.

भाच्याने ते आईच्या फोनवर घालून दिलं होतं. तुळशीच्या लग्नापर्यंत ते तिथे होतं. तेवढ्यात तिने ते दोनदा उघडलं, असं तिनेच सांगितलं. काय बोलली ते मी विचारलं नाही. मग भाचा आला तेव्हा ती म्हणाली, "हे आता काढून टाक."

तो काढायला लागला तेव्हा तिने त्याचा हात धरला. "थांब. त्याला काही होणार नाही ना? म्हणजे, दुखणार वगैरे नाही ना?"

भाचा गडबडला. सांख्य, चार्वाक, ट्यूरिंग, सगळ्यांवर माझ्याशी तासन्‌तास भांडणारा मुलगा, त्याला पटकन "नाही" म्हणता आलं नाही. मलाही आलं नाही. मी इतकं सगळं वर लिहिलंय, 'नाही' असं मतही देऊन टाकलंय, तरी त्या क्षणी आईच्या डोळ्यांत बघून ते म्हणायला जीभ रेटली नाही. शेवटी तो म्हणाला, "नाही आजी. मला तरी तसं वाटतं."

आईने देवघरातून चार अक्षता आणल्या, फोनवर टाकल्या आणि फोन टीपॉयवर जरासा पुढे सरकवला. ती चेष्टा करतेय की मनापासून, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग म्हणाली, "हं, आता काढ."

बाबांचे खरे निरोप अजून तिच्या फोनमध्ये आहेत. "दूध आणलं. ठेवतो." ते ती अधूनमधून लावते. त्यात माफी नाही, ती कधी येणारही नाही. पण ते लावलं की मला कंट्रोलच्या खोलीची खिडकी दिसते. तिथे तेव्हा कोणीतरी बसलेलं होतं.

२०२५ च्या पितृपक्षात मी साताऱ्याला होते. आईने गच्चीच्या कठड्यावर घास ठेवला. कावळा तारेवर येऊन बसला आणि इकडेतिकडे बघत राहिला, खाली काही येईना. मी म्हटलं, "आई, ऊन आहे, आत चल." ती पदर डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली.

"थांब जरा," म्हणाली. "बघू म्हणत असतील."